सूळ आणि वाळीत

महाबळेश्वरास उगम पावून, प्रतापगडाच्या पायथ्याची राने भिजवीत पोलादपुरास उतरणारी आणि पुढे महाड, दासगाव मागे टाकून बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळणारी सावित्री ही पक्के रस्ते होण्यापूर्वीच्या काळात आमच्या मुलखाची मोठी वाट होती. मीठमिरची, सुकी मासळी, कापडचोपड आणि त्यांच्याबरोबर नवी माणसे व नवे विचार याच वाटेने घाटाच्या पायथ्यापर्यंत चढून येत. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला पाद्री, डोनाल्ड मिचेल, याच नदीच्या मुखाशी बाणकोटास येऊन राहिला. पेशवाई बुडून पाचच वर्षे झालेली असल्याने पुण्यात धर्मप्रचार होऊ देण्यास कंपनी सरकार राजी नव्हते, म्हणून ही आडबाजूची जागा. मिचेल वर्ष सरण्यापूर्वीच मरण पावला. पण त्याच्यामागून जेम्स मिचेल, रॉबर्ट नेस्बिट आदी मंडळी बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात येऊन बसली, मराठी शिकली, शाळा चालवू लागली, आणि १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज गिरगाव चौपाटीवर उभे आहे, त्यांनीही मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले.

या मंडळींस तुरुंग नव्हता, मनाई हुकूम नव्हता. उलट इंग्रजांचे निशाण व्हिक्टोरिया किल्ल्यावर समोरच फडकत होते. तरीही दहाएक वर्षांनी ते ठाणे उठले आणि मिशनचे काम मुंबई-पुण्यास गेले, तेव्हा पदरी पडलेले अनुयायी फारच मोजके होते. लोकांस तो धर्म पटला नाही, हे त्याचे एक कारण झालेच, आणि ते लहान कारण नव्हे; परंतु ज्याला पटला असेल त्यासही तो उघडपणे स्वीकारणे का जड जाई, हे समजून घ्यावयाचे तर ख्रिस्ती लोकांच्या छळाचा जगातील इतिहास आणि आपल्या मुलखातील इतिहास यांत कोठे साम्य आहे आणि कोठे फरक आहे, हे नीट पाहावे लागते. राजसत्तेने केलेला छळ आणि घरादाराने, जातीने, गावकीने केलेला छळ या दोन निरनिराळ्या गोष्टी असून महाराष्ट्रात पहिल्याची उदाहरणे विरळा व दुसऱ्याची विपुल आहेत, असे मला दिसते.

राजसत्तेच्या छळाचे मूळ उदाहरण अर्थातच रोमचे. इ. स. ६४ मध्ये रोम शहरास लागलेल्या आगीचे खापर नीरो बादशहाने ख्रिस्ती लोकांवर फोडले आणि त्यांना हालहाल करून मारले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र त्यानंतर अडीचशे वर्षे सिंहांच्या आखाड्यात एकसारखे ख्रिस्ती लोटले जात होते, हा जो समज चित्रपटांनी रूढ केला आहे, तो खरा नव्हे. छळ तुटक होता, सुभ्यासुभ्यांतून वेगळा होता, आणि पुष्कळदा तो कचेरीतल्या कागदावर चाले. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने ट्राजन बादशहास पाठवलेला अर्ज या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आपण आरोपीस तीनदा विचारतो, तिन्ही वेळा तो ‘मी ख्रिस्ती आहे’ असेच म्हणाला तर त्यास देहान्त शासन करतो, हे बरोबर आहे ना, अशी पृच्छा त्याने एखाद्या दक्ष मामलेदाराच्या थाटात केली. त्यावर बादशहाचे उत्तर आले की, मुद्दाम हुडकून काढू नका, निनावी फिर्यादी घेऊ नका, मात्र कोणी समोर आलाच आणि हट्टास पेटला तर शिक्षा द्या. गुन्हा नेमका कोणता, हे दोघांनीही सांगितले नाही. इ. स. २५० च्या सुमारास डेसियस बादशहाने प्रत्येक प्रजाजनाने देवतांस बळी वाहावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. ते दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले असून त्यांतील चाळीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. ३०३ मध्ये डायोक्लेशियनने चर्चे पाडण्याचा व ग्रंथ जाळण्याचा आदेश दिला, आणि अवघ्या दहा वर्षांनी, ३१३ मध्ये, कॉन्स्टन्टाइनच्या राजवटीत त्या धर्मास मोकळीक मिळाली.

मोकळीक मिळताच दोन गोष्टी घडल्या. रोमचा बादशहा ख्रिस्ती झाल्याने त्याचा शत्रू, इराणचा शापूर दुसरा, आपल्या राज्यातील ख्रिस्ती रयतेकडे शत्रूचे हस्तक म्हणून पाहू लागला. त्याने त्यांच्यावर दुप्पट कर बसवला आणि सुमारे ३४० पासून चाळीस वर्षे त्यांचा संहार चालवला. इकडे रोममध्ये, कालपर्यंत छळ सोसणाऱ्या धर्माच्या हाती सत्ता येताच त्याने आपल्यातल्याच पाखंड्यांस शासन करण्यास आरंभ केला, आणि ३८५ मध्ये प्रिसिलियन नावाच्या बिशपाचा शिरच्छेद ख्रिस्ती बादशहाच्याच हुकुमाने झाला. पुढील पंधराशे वर्षांत जितके ख्रिस्ती परधर्मीयांच्या हातून मेले, त्यांच्या शेजारी ख्रिस्त्यांच्याच हातून मेलेल्यांचा हिशेब मांडल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्याण’ येथे इराणातून नेमलेला एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि ते आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याणच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोकणपट्टीत ख्रिस्ती वस्ती पोर्तुगिजांच्या पुष्कळ आधीची होय, आणि ती इराणी परंपरेची, नेस्टोरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाची होती. हा पंथ रोमच्या लेखी भ्रष्ट. ४३१ च्या एफेससच्या परिषदेने त्यास बहिष्कृत केलेले. पुढील प्रसंग समजण्यास एवढी गोष्ट ध्यानात असावी.

१३२१ साली, दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक असताना, चीनकडे निघालेले काही युरोपीय फकीर, फ्रान्सिस्कन संन्यासी, होर्मूझहून जहाजाने निघून ठाण्याच्या बंदरास लागले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाषाचे काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियस असे ते चौघे. बरोबर जॉर्डानस नावाचा डोमिनिकन पंथाचा संन्यासी. यांपैकी थॉमस हा वृद्ध गृहस्थ मोठा विलक्षण होता. संन्याशाने खरोखरच निष्कांचन राहावे, या आग्रहापायी त्याच्याच पंथाच्या वरिष्ठांनी त्याला इटलीत कैदेत टाकले होते; तेथून सुटून तो आर्मेनियास गेला, आणि चीनमधील मिशनचा वृत्तान्त १३०७ साली पोपपुढे मांडणाराही तोच. ठाण्यास त्यांना आसरा दिला तो एका नेस्टोरियन कुटुंबाने, ज्यांना युरोपात हे संन्यासी पाखंडीच म्हणाले असते. परमुलखात पंथाची सोवळी गळून पडतात, ती अशी.

जॉर्डानस भडोचकडे निघून सोपाऱ्यापर्यंत गेला असेल, तोच मागे त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोस मारले, बायको काजीकडे फिर्याद घेऊन गेली, काजीने साक्षीदार मागितले, तिने घरात उतरलेल्या परदेशी साधूंची नावे सांगितली. तिघे साक्षीस गेले. पीटर तेवढा सामानाची राखण करीत घरी राहिला. कज्जा मारहाणीचा, पण काजीच्या कचेरीत बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली, ख्रिस्ताविषयी वाद झाला, आणि अखेर पैगंबरांविषयी तुमचे मत काय, असा थेट प्रश्न विचारला गेला. थॉमसने दिलेले उत्तर जमावास सहन होण्यासारखे नव्हते. त्यांना भर उन्हात उभे केले, जेम्सला आगीत ढकलले, आणि तो न जळता बाहेर आला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हुतात्म्यांच्या कथांत आग बहुधा जाळत नाही. वाचकाने तेवढी सूट द्यावी. यापुढचा भाग मात्र चमत्काराचा नसून राजकारणाचा आहे आणि म्हणून अधिक विश्वसनीय आहे. तेथील मलिकाने, म्हणजे सुभेदाराने, त्यांना सोडून खाडीपलीकडे गुपचूप रवाना केले. काजीने त्याचे मन वळवले. आणि रात्री मागावर माणसे पाठवून तिघांची डोकी उडवण्यात आली. ती ९ एप्रिलची तारीख. घरी राहिलेला पीटर ११ तारखेस मारला गेला. जॉर्डानसने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्याने ती हाडे उकरून थेट चीनमधील आपल्या मठात नेली, आणि दिल्लीच्या सुलतानाने ही बातमी कळताच मलिकास ठार करवले, असेही त्याने नमूद केले. जॉर्डानसला १३२९ मध्ये पोपने कोल्लमचा बिशप नेमले. एका गृहकलहाच्या साक्षीतून निघालेले हे प्रकरण असे रोम, दिल्ली आणि चीन या तिन्ही दरबारांस शिवून गेले. आणि ज्या बाईने नवऱ्याविरुद्ध न्याय मागितला होता, तिचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याची गरज कोणासही वाटली नाही.

ठाण्याचे चौघे बाहेरून आलेले. वसईचा गोन्सालो गार्सिया मात्र आपल्या मातीचा. सुमारे १५५७ साली वसईस पोर्तुगीज बाप आणि कोकणी आई यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा तेथील जेझुइटांच्या हाताखाली शिकला, मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा उत्तम शिकला, पुढे व्यापारात पडून त्याने पैसा मिळवला, आणि मग सारे सोडून मनिलास फ्रान्सिस्कन पंथाचा साधा सेवक झाला. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून जो संन्यासी जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, गेला, त्याचा दुभाषा हा वसईकर होता. तीन वर्षांनी ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास फुटले. माल जप्त होऊ लागला, तेव्हा जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने, आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून फौज, अशी फुशारकी मारली, असे म्हणतात. फुशारकी खरी असो वा रचलेली असो, हिदेयोशीस हवे ते कारण मिळाले. शापूरच्या इराणात जे घडले होते, त्याचीच ही आवृत्ती होती. देवाविषयीच्या मतापेक्षा त्या मतामागे उभा असलेला परका राजा सत्ताधीशास अधिक बोचतो.

क्योतो-ओसाकात धरलेल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून, त्यांना गाड्यांवर चढवून शहरातून धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत नागासाकीस नेले. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे पकडले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कुशींत भाले खुपसण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी सतरा जण साधे जपानी संसारी लोक व मुले; सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. १८६२ साली पोपने या सर्वांना संतपद दिले, तेव्हा भारतात जन्मलेला पहिला कॅथॉलिक संत म्हणून वसईचे नाव त्या यादीत लागले. जपानात पुढे १६१४ पासून तो धर्मच बंद झाला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिराकडून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घ्यावा, संशयितांनी ख्रिस्ताची वा मेरीची प्रतिमा पायदळी तुडवून दाखवावी, असा नियम झाला. डेसियसच्या दाखल्यापासून तेराशेहून अधिक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, दुसऱ्या एका कारभाऱ्याच्या डोक्यात तीच युक्ती आली होती. ही मनाई उठली ती १८७३ साली. तोवर अडीचशे वर्षे नागासाकीच्या आसपासच्या कोळ्या-शेतकऱ्यांनी पाद्र्यावाचून, ग्रंथावाचून, तोंडी परंपरेने आपला धर्म लपवून जगवला होता.

मराठी वाचकास याहून जवळची एक साखळी ‘क्रिस्तपुराणा’ची आहे, आणि तिच्यात छळणारे व छळले जाणारे यांच्या जागा इतक्या वेळा बदलतात की, बाजू घेऊन लिहिणाऱ्याची पंचाईत व्हावी. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथॉलिक धर्म पाळणे हा गुन्हा ठरत चालला असताना थॉमस स्टीफन्स आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला पळून जाण्याचा बेत केला. पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली, स्टीफन्स निसटला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यास पोचला. चारच वर्षांनी, जुलै १५८३ मध्ये, साष्टीतील कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांतला रोदोल्फो आक्वाविवा हा फत्तेपूर शिक्रीस अकबराच्या दरबारी तीन वर्षे मौलवींशी वाद घालून सुखरूप परतला होता; कुंकळ्ळीत मात्र पोर्तुगिजांनी देवळे पाडलेली होती, आणि पाडलेल्या देवळांच्या गावात चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेला माणूस तेथील गावकऱ्यांना वाद घालणारा पंडित म्हणून दिसणे शक्य नव्हते. मेलेल्यांचे देह मिळवून आणण्याच्या कामी स्टीफन्स होता. पोर्तुगिजांनी पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दगाफटक्याने मारले. चर्चने १८९३ साली त्या पाचांना धन्य घोषित केले. गावकारांचे स्मारक गोव्याच्या मुक्तीनंतर उभे राहिले.

याच स्टीफन्सने १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत छापवले. ज्या भाषेत त्याने ते रचले, त्या भाषेच्या लोकांवर त्या काळी गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल चालू होता. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडता, चाललेल्या या न्यायासनाचे हिंदूंवरील जुलूम आपल्याकडे पुष्कळ वर्णिले गेले आहेत व ते खरे आहेत. तथापि कायद्याने त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले, म्हणजे त्याच्या कोठड्यांत खितपत पडलेले बहुसंख्य लोक ख्रिस्तीच होते. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथॉलिक, दमणास काही अवघड प्रश्न विचारल्यावरून पकडला गेला, गोव्याच्या तुरुंगात राहिला, आणि सुटल्यावर १६८७ साली त्याने जे पुस्तक छापले, त्यामुळे त्या कोठड्यांची वार्ता युरोपभर झाली. नवख्रिस्त्यांच्या घरात तुळस असू नये, लग्नात हळद लावू नये, इतकेच नव्हे तर हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, असे १७३६ चा हुकूमनामा सांगतो. धर्मपीठाने भाताच्या आधणात डोकावून पाहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. या जाचास आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांस कंटाळून कित्येक कोकणी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात जाऊन राहिली, आणि तेथे १७८४ साली टिपू सुलतानाने, ते इंग्रजांस सामील असल्याच्या संशयावरून, त्यांना हजारोंच्या संख्येने धरून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत, पंधरा वर्षे, ती बंदिवासात राहिली. आणि त्या बंदिवासात ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्या म्हणून ती धीर धरीत, अशी मंगळूरकडे परंपरा आहे.

मराठ्यांच्या राज्यापुरते बोलायचे तर १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले, पुष्कळ चर्चे ओस पडली, परंतु मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळता येईल, असे तहातच ठरले होते, आणि वसईचे व मुंबईजवळच्या साष्टीचे ख्रिस्ती आजवर टिकून आहेत, ते त्या ठरावाचे प्रत्यंतरच म्हणावे लागेल. राजसत्तेचा विषय येथे संपतो.

खरा प्रश्न बाणकोटच्या वेळेपासूनचा. इंग्रजी अंमलात ज्या मराठी माणसाने बाप्तिस्मा घेतला, त्याला सुळी देणारे कोणी उरले नव्हते. त्याच्यासाठी घटस्फोटाचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतितास कुळातून काढण्याची ही रीत दिली आहे: अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर भाऊबंद जमावेत, दासीने पाण्याने भरलेला घडा, मेलेल्यासाठी करतात तसा, पायाने लवंडावा, सपिंडांनी एक अहोरात्र सुतक धरावे, आणि तेथून पुढे त्या जिवंत माणसाशी बोलणे, बसणे-उठणे, देवघेव आणि त्याचा वारसाहक्क, सारे बंद. आमच्या बाजूच्या गावकीत हाच प्रकार संस्कृतावाचून चाले. न्हावी-परीट बंद, रोटी-बेटी बंद, पाणवठा बंद, आणि घरात मयत झाली तर खांदा द्यायलाही कोणी येत नसे. यात रक्ताचा थेंब सांडत नाही, फिर्याद करावी तर कोणाविरुद्ध हे समजत नाही, आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, छळणारी माणसे परकी नसून आई, बाप, चुलते असतात व तीही त्या वेळी रडत असतात.

१८३९ साली विल्सनांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईचा पारशी समाज खवळून उठला, शाळा ओस पडली, आणि मुलास कोर्टापुढे हजर करावे लागले. तो वयाने जाणता असल्याने न्यायाधीशांनी त्यास त्याच्या मर्जीवर सोडले. चार वर्षांनी नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला आणि त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर निघाला. या वेळी कोर्टाने अज्ञान मुलास बापाच्या स्वाधीन केले. पण बापाच्या घरी आलेला श्रीपत आता कोणाचाच नव्हता, कारण तो पाद्र्यांच्या घरी जेवला होता. त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावे, असा आग्रह ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी धरला, सनातनी पक्षाने तो हाणून पाडण्याचा चंग बांधला, मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला, मुलास शुद्धीसाठी काशीस पाठवावे लागले, आणि जांभेकरांनाही या पुढाकारापायी जातभाईंचा रोष सोसावा लागला. पोराला मिशनरी ओढीत होते, बाप ओढीत होता, शास्त्री ढकलीत होते. त्याला स्वतःला काय हवे होते, हे कोर्टाच्या दृष्टीने गौण होते. थोरला भाऊ नारायण पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ त्याने ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली, कारण वाळीत पडलेल्यांना राहायला गाव लागतोच.

घटस्फोटाच्या विधीतील वारसाहक्काचे कलम सरकारने १८५० च्या एकविसाव्या कायद्याने रद्दबातल केले. धर्म सोडल्याने वा जातीबाहेर पडल्याने कोणाचाही मालमत्तेवरील हक्क जाणार नाही, असे त्यात स्पष्ट झाले, आणि त्याविरुद्ध बंगाल-मद्रासेतून मोठमोठे अर्ज गेले. जमीन अशी वाचली. संसार वाचवणे कायद्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी, ज्यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक, त्यांच्या पहिल्या पत्नीने त्यांच्याबरोबर नांदण्यास नकार दिला. अशी प्रकरणे इतकी साचली की, धर्मांतरामुळे टाकलेल्या ख्रिस्ती नवऱ्यास अगर बायकोस काडीमोड मिळावी म्हणून १८६६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

या साऱ्याचे आतून घडलेले दर्शन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत असून मेल्यासारखा, कपाळी कुंकू असून वैधव्याची कळा, अशी चारपाच वर्षे त्यांनी पंढरपुरास व नातलगांकडे काढली. आणि मुलाला घेऊन त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी त्यांनी कित्येक दिवस निराळेच राखले. वाळीत टाकलेला माणूस आणि त्याला वाळीत टाकणारा समाज एकाच छपराखाली, दोन चुलींवर, असा हा संसार होता. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या बाईंच्या विनोदबुद्धीमुळे वाचक हसतो आणि त्या हसण्यात पुष्कळदा विसरतो की, आपण एका छळाची कैफियत वाचीत आहोत.

सावित्रीकाठी हेच शस्त्र ख्रिस्ती होण्याचा विचारही न केलेल्या लोकांवर पिढ्यान् पिढ्या चालत होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांस घेता येई, अस्पृश्य हिंदूस घेता येत नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि ज्या ग्रंथात घडा लवंडण्याचा विधी सांगितला आहे, तो ग्रंथ असा आमच्याच नदीकाठी जळाला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

तरीही वाळीत गेले नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये केलेला बहिष्कारबंदीचा कायदा, दाऊदी बोहरा पंथाच्या प्रमुखांनी केलेल्या अर्जावर, धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. पुढे अर्धशतकभर हे क्षेत्र मोकळेच होते. आमच्या रायगड जिल्ह्यातून गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी पुढे आल्या की, महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद अगर एक लाखापर्यंत दंड अगर दोन्ही, अशी तरतूद आहे. तक्रारदारांत बहुतेक हिंदूच आहेत, हेही सांगितले पाहिजे. कोणी निवडणुकीत विरोधी उमेदवारास मत दिले म्हणून, कोणी जातीबाहेर लग्न केले म्हणून गावाबाहेर पडला.

देशात इतरत्र जमावाने ख्रिस्त्यांवर हात उगारल्याचे प्रसंग आपल्याच काळात घडले. १९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स व त्यांची दोन लहान मुले मोटारीत झोपेत असता जाळून मारण्यात आली, आणि २००८ मध्ये त्याच प्रांतातील कंधमालात गावेच्या गावे पेटली. ते प्रसंग वर्तमानपत्रांत आले, खटले उभे राहिले, शिक्षा झाल्या. गावकीच्या बहिष्काराची बातमी बहुधा होत नाही, किंवा झाली तर ती गडचिरोलीपलीकडच्या बस्तरातल्या प्रकरणासारखी होते. तेथील एक ख्रिस्ती पाद्री जानेवारी २०२५ मध्ये वारला. गावच्या जमिनीत त्याचे वडीलधारे पूर्वी पुरलेले होते. तरी ख्रिस्त्याचे प्रेत गावात पुरू देणार नाही, असे गावकऱ्यांनी बजावले. मुलाने स्वतःच्या शेतात पुरण्याची परवानगी मागितली, तीही नाकारली गेली. उच्च न्यायालयात दाद लागली नाही, म्हणून प्रकरण दिल्लीस गेले. देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात होता. २७ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळी मते दिली: एकांच्या मते खासगी शेतात पुरण्यास हरकत नसावी, दुसऱ्यांच्या मते ख्रिस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या जागीच पुरावे. अखेर प्रेत अधिक काळ पडून राहू नये म्हणून दोघांनी मिळून हुकूम दिला, आणि तो पाद्री आपल्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, करकापालच्या दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात पुरावा, असे ठरले.